खडकातली फट

“आजोबा, बसा पालखीत. वर अजून अकराशे पायऱ्या आहेत.”

“तेराशे सात,” बाओ शिफू म्हणाले. “आणि मला आजोबा म्हणण्याआधी स्वतःच्या टकलावरून एकदा हात फिरवून बघ.”

दोघे पालखीवाले हसत बाजूला झाले. शिफूंनी काठी टेकली आणि ते पुढची पायरी चढले. मागून चेंग, हात किंचित पुढे धरून, न जाणो तोल गेला तर म्हणून. हाताला धरून काम शिकवणाऱ्याला या डोंगरावर शिफू म्हणतात. पाइनची झाडं राखायला चेंगला बाओ शिफूंनीच शिकवलं होतं. आता चेंगची पन्नाशी उलटली होती, वरच्या सगळ्या झाडांचा तोच मुख्य राखणदार होता, पण शिफूंच्या लेखी तो अजून छोट्याच.

शिफू अठरा वर्षांनी वर येत होते. रविवारी लेकीकडे हफेई शहरात कायमचं जायचं, त्याआधी एकदा सुळक्यावरचं ते झाड बघून येतो, असा त्यांचा निरोप आला होता. सांगायचं तर आजच, नाही तर कधीच नाही, हे चेंगला कळत होतं. पण चारशे पायऱ्या झाल्या, सहाशे झाल्या, तरी तोंड काही उघडेना.

“काही म्हणालास?” शिफूंनी वळून विचारलं.

“नाही.”

“मग दम मला लागलाय आणि धापा तू कशाला टाकतोयस?”

वरच्या कठड्यापाशी ही गर्दी. समोरच्या सुळक्यावर, दरीकडे दोन्ही हात पसरून, ते झाड उभं होतं. झेंडीवाली गाइड कर्ण्यातून सांगत होती, तीनशे वर्षांचं आयुष्य, मातीचा कण नसताना नुसत्या खडकातून उगवलेलं. लोक आळीपाळीने झाडाकडे पाठ करून फोटो काढून घेत होते.

शिफू काठीवर रेलून बघत राहिले. वारा सुटला होता. आजूबाजूचे पाइन घुमत होते. हे एकच झाड गप्प होतं.

“बरं जमवलंय,” ते हलकेच म्हणाले. “सुया प्लॅस्टिकच्या?”

“हो. खोडात लोखंड आहे, वरून...” चेंग अडखळला. “वरून सिमेंट.”

तेवढ्यात लाल टोपीतली एक बाई चेंगचा गणवेश बघून पुढे आली. “काका, हे खरंच तीनशे वर्षांचं आहे?”

“तीनशेच्याही वर असेल,” चेंग म्हणाला. त्याला विचारही करावा लागला नाही.

बाई खूश होऊन गेली. शिफू त्याच्याकडे बघत होते. “सराईत झालास की रे.”

चेंगचे कान तापले. त्याने शिफूंना दंडाला धरून बाजूच्या दगडी बाकावर नेऊन बसवलं. शिफूंनी खिशातून कागदात गुंडाळलेली भाकरी काढली, सुकवलेल्या मोहरीच्या पाल्याची, आणि अर्धी मोडून त्याच्यापुढे धरली. चेंगने ती घेतली आणि नुसती हातात धरली. अठरा वर्षं हा माणूस खाली गाड्यांच्या तळावर पावत्या फाडत होता. सणाला घरी जाताना दर वेळी चेंग त्याच्या खिडकीवरून जायचा, हात हलवायचा आणि पाय उचलायचा. आणि तोच माणूस आज त्याला आपल्यातली भाकरी देत होता. आपल्याइतका नीच कोणी नसेल, असं चेंगला वाटलं.

“शिफू,” तो म्हणाला, “झाड मी मारलं.”

शिफू चावत राहिले.

“त्या वर्षी पावसाने खडकाच्या फटीतली, मुळाजवळची माती धुऊन नेली होती. मूळ उघडं पडलेलं मला बघवेना. पायऱ्या दुरुस्त करून सिमेंट उरलं होतं. मी ती फट पार वरपर्यंत भरून टाकली. वाटलं, आता हे पडणार नाही. त्या फटीतूनच ते पाणी पीत होतं, हे मला कुठे ठाऊक होतं! पुढच्या वसंतात पिवळं पडायला लागलं तेव्हा ध्यानात आलं. मग वरचे साहेब चौकशीला आले. त्यांना कारण काही सापडलं नाही आणि म्हातारा दुर्लक्ष करतो म्हणून त्यांनी तुम्हाला खाली धाडलं. मी तिथेच उभा होतो, शिफू. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. मी तोंड उघडलं नाही.”

पलीकडे कुणीतरी फोटोसाठी एक, दोन, तीन मोजत होतं.

“माहीत आहे,” शिफू म्हणाले.

“काय?”

“साहेब यायच्या आदल्या दिवशी मी दोर लावून उतरलो होतो. फट बघितली. तुझ्या थापीचा हात मला ओळखू येत नाही होय? फोडून काढून उपयोग नव्हता, मूळ आत केव्हाच सुकलं होतं. मग ओढ्यावरून ओलं शेवाळ आणलं आणि त्या सिमेंटवर थापत बसलो. अख्खी सकाळ गेली. म्हणून तर त्यांना काही सापडलं नाही.”

चेंगच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “मग तुम्ही... कधी काही बोलला का नाहीत?”

शिफूंनी मांडीवरचे कण झटकले. काठी शोधली. उठायला त्यांना बराच वेळ लागला, आणि या वेळी चेंगला हात पुढे करायचं सुचलं नाही.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू सांगायला येशील.”