ओरवींचा उंबरा

"ओरवींच्यात पाहुण्याला आधी पाणी देतात, नाव नंतर विचारतात," जितेश हेडफोन लावून सांगत होता, आणि बाहेर त्याचा सख्खा काका बेल वाजवत उभा होता.

दार त्याच्या बायकोनेच, निशिगंधाने उघडलं, पिठाच्या हातांनी. लवूकाका राजापूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. गोडदेव वस्तीतल्या या दोन खोल्या सोडल्या, तर शहरात त्यांना उतरायला घर नव्हतं.

ओरवी ही जितेशच्या ऑनलाइन गेममधली जमात. डोंगरातली, शूर, फार मोठ्या मनाची. जितेश त्यांचा मुखिया. टोळीत नवीन पोरं आली की त्यांना ओरवींचं तत्त्वज्ञान शिकवायचा, आणि घरात स्वतःचं ताट उचलायचा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! ते ओरवीपुराण ऐकून ऐकून निशिगंधाचे कान किटले होते.

जितेशने खुर्चीतूनच मान वळवली. "काका, असे अचानक? किती दिवस आहात?"

लवूकाकांनी आत टाकलेला पाय मागे घेतला. "नाय रे, कोकम द्यायला आलो होतो. निघतोच."

निशिगंधाला नवऱ्याची किळस आली. तिने हेडफोनची वायर उपटली, तशी स्पीकरवर पोरांची बडबड सुरू झाली.

"मी तुमच्या मुखियाची बायको बोलतेय," ती लॅपटॉपवर वाकून म्हणाली. "दारातल्या पाहुण्याला किती दिवस राहणार म्हणून विचारलं, तर ओरवी काय करतात?"

मग एकजण चाचरत म्हणाला, "वहिनी, विचारणाऱ्याला उंबऱ्याबाहेर झोपवतात. पाहुणा जाईपर्यंत. भाऊनेच शिकवलंय."

"अगं, गेम आहे तो," जितेश म्हणाला. "असे लोक खरे नसतात कुठे."

"ते मला नको सांगूस. इतकी वर्षं तुझ्याशी संसार केलाय."

तिने काकांना आत घेतलं, जितेशच्याच खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. मग चटई उचलली आणि बाहेर पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकशेजारी अंथरली.

"तहान लागली तर दार वाजव," ती नवऱ्याला म्हणाली. "आधी पाणी देईन. नाव नंतर विचारीन."