झिजलेला किलो

वजनमाप खात्यात नुकत्याच लागलेल्या मुलीने वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानातलं किलोचं पितळी वजन प्रमाण वजनासमोर तराजूत ठेवलं. “तपासा साहेबीणबाई, पण चहा थंड होतोय,” वडील हसले. काटा कलला तो सरळच होईना. “किलो जगभर एकच असतो, बाबा. तुमचा चार ग्रॅम कमी भरतोय.” “काहीतरीच! रोज सकाळी रेतीने घासून आरशासारखं लख्ख ठेवतो मी.” “तेच नडलं. दर वेळी मळाबरोबर थोडं पितळही गेलं.” वडिलांचं हसू मावळलं. “म्हणजे इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना कमी माल दिला?” तेवढ्यात शेजारचे सुतारकाका किलोभर खिळे मागायला आले. वडील तराजूकडे न पाहता ओंजळी भरभरून पिशवीत खिळे ओतत राहिले. “अहो शेठ, पुरे! फार होतायत!” “होऊ द्या,” वडील पुटपुटले, “तुमचेच आहेत.”