पहिला नकार

रजेच्या मंजुरीचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं, तर उदय पाटसकरांची रोजची कटकट चुकणार होती, शिवाय वाईटपणाही यंत्राच्या माथी जाणार होता. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावरचे ते मुख्य. पहिला अर्ज नाकारायचा, माणूस परत आला तरच गरज खरी मानायची, ही त्यांची पद्धत. सॉफ्टवेअरने ती त्यांच्या आवाजासकट उचलली. वशिला नको म्हणून त्याचा निर्णय फिरवायचा अधिकार त्यांनी कुणालाच ठेवला नाही, स्वतःलाही नाही.

आज आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. पाटसकरांनी हेलिकॉप्टरमधल्या जागेसाठी अर्ज केला.

"आई का? सगळ्यांच्या आया नेमक्या याच महिन्यात आजारी पडतात," पडद्यातून त्यांचाच आवाज मिश्कीलपणे म्हणाला. "नामंजूर."

"अरे, मी पाटसकर बोलतोय!"

"म्हणूनच तर ओळखून आहे तुम्हाला. उद्या विचारा."

हेलिकॉप्टर एक जागा रिकामी ठेवून उडालं. आपणही शब्दन् शब्द हेच बोललो असतो, हे पाटसकरांना जाणवलं.

दुसऱ्या दिवशीचा अर्ज लगेच मंजूर झाला, कारण अंत्यविधीला नाही म्हणायचं नाही, हीसुद्धा त्यांचीच पद्धत. त्या मंजुरीची किंमत आईने, दाराकडे डोळे लावून, आदल्या रात्रीच चुकती केली होती.