मसल्स, पिझ्झा आणि बैठक

“ही डेरी हाय का गं?” काचेपलीकडच्या तांब्याच्या उंच टाक्या बघून बयाबाईंनी विचारलं.

“बिअर बनवतात तिथं,” आरती म्हणाली. “घाबरू नकोस. आपण जेवायला आलोय.”

“आन् आपल्या पेठ गावातलं कुणी बघितलं तर?”

“पेठेतलं कोण कडमडायला येतंय पुण्यात, या हॉटेलात? म्हणून तर त्यांना इथं बोलावलंय.”

खरंच होतं ते. गावात बैठक ठेवली असती तर पोहे परतून होण्याआधी बातमी वेशीपर्यंत पोचली असती. हे स्थळ आरतीनं स्वतः शोधलं होतं, तिच्या ऑफिसातल्या सुदर्शनच्या घरचं. आईला राजी करता करता तिच्या नाकी नऊ आले होते. आधीचं एक स्थळ बोलणी सुरू असतानाच मोडलं, कारण त्यांना घरात बसणारी बाई हवी होती. आज बिनसलं तर बयाबाई पुन्हा हा विषय काढू देणार नव्हत्या, हे आरतीला पक्कं ठाऊक होतं.

आरती स्वतः खुशाल जीन्स घालून आली होती. बयाबाईंना मात्र तिनं कोरी इरकल नेसायला लावली होती.

सुदर्शन वडिलांना घेऊन आला. चांगदेव कळंबचे, एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर संकोच. रामराम झाला. सुदर्शननं वडिलांसमोर बिअरचं नावही काढलं नाही; चौघांसाठी लिंबू सोडा, एक पिझ्झा आणि मेनूकार्डातल्या फोटोवर भाळून मसल्स मागवले.

वेटरनं पिझ्झा आणला, सुदर्शन आणि आरतीच्या मधोमध ठेवला आणि दोघांकडे बघून गालात हसला. मग आलं काळ्या कवचांनी भरलेलं पातेलं. लसणाचा वास सुटला होता.

“दगडं वाढल्यात व्हय?” बयाबाई पुटपुटल्या.

“शिंपल्या हायत,” चांगदेव म्हणाले. “आमी घोड नदीत धरायचो, पानी उतरलं की. हे बगा, असं.” रिकाम्या शिंपलीचा चिमटा करून त्यांनी दुसरीतला गर अलगद ओढून काढला आणि बयाबाईंच्या ताटात ठेवला. बयाबाईंनी भीत भीत खाल्ला. मग हात पुढे करून दुसरी शिंपली स्वतःच उघडली.

पिझ्झ्याचं त्यांनी फारसं कौतुक केलं नाही. “येवढं समदं घातलंय, बटाटा तेवढा ईसरले.”

“पेठेच्या पठारावर आमच्यासारखा बटाटा कुणाचा नाही, काका,” आरती एकदम बोलली. “वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून सगळं आईनं एकटीनं केलं. ट्रॅक्टरसुद्धा तीच चालवते.”

ती इतक्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. बयाबाईंनी टेबलाखालून तिला चिमटा काढला. पण आरतीला आज गप्प बसायचंच नव्हतं. आईचा तिला अभिमान होता आणि तो कुणापासून लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

“काका, तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?” तिनं सरळ विचारलं.

“मीच. मंडळी गेली तवापासनं. भाकरी गोल व्हत न्हाई, पर करपत बी न्हाई.”

बयाबाई खुदकन हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. आरतीच्या जिवात जीव आला.

सुदर्शननं हात पुसले. “मावशी, आमच्याकडून होकार आहे. आता तुम्ही सांगा.”

 बयाबाईंनी पदर सारखा केला आणि मान वर केली.

“मला पसंत हाय. पर लपूनछपून काय न्हाई. मांडव पेठेतच पडंल, समद्या गावाम्होरं.”

मघाशी कुणी बघेल म्हणून धास्तावलेली बाई ती हीच का, असं आरतीला वाटलं. 

“भावकी येईल?” चांगदेवांनी हळूच विचारलं.

“जमिनीच्या वादापासनं दिरानं तोंड न्हाई दावलं. न्हाई आली भावकी तर ऱ्हायलं.”

चांगदेव विचारात पडले. “पर मंग कन्यादानाला कोण बसणार?”

 आरतीनं आईचा हात आपल्या हातात घेतला.

“मी बसणार, काका. माझ्या आईचं कन्यादान मीच करणार.”