धुराचा दिवा

पिवळा दिवा पुन्हा लागला होता.

भारतनं चावी बंद केली, परत फिरवली. इंजिन धडधडलं, दिवा मात्र तसाच. परवा घालवला, काल घालवला, आणि सकाळ झाली की हा आपला डोळा वटारून हजर.

"निघता येईल का आज?" खाली उभ्या केदारनाथआप्पांनी विचारलं. चार दिवस त्यांचं हेच चाललं होतं.

"बघतो, आप्पा."

पुलाचं काम आटोपून गेलेल्या एका परदेशी कंपनीची ही घरगाडी आप्पांनी मुंबईला लिलावात घेतली होती. आत पलंग, शेगडी, मोरी. त्यांच्या बायकोला, जगदेवीअक्कांना, आता बसवत नव्हतं, आणि मुंबईच्या दवाखान्याच्या फेऱ्या चुकत नव्हत्या. पोटातल्या गाठीवर वर्षभर औषधं चढवून झाली होती. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, थंडी सरली की आणखी एकदा आणा. तेव्हापासून गाडी केजला, आप्पांच्या जिनिंगच्या शेडात उभी होती, ती थेट महाशिवरात्रीपर्यंत.

धुरात काही बिघडलं की हा दिवा लागायचा आणि गाडी जोर सोडायची. घाट चढायचं तर नावच नको. पहिल्या दिवशी भारतनं शिळं डिझेल काढून टाकलं, फिल्टर बदलला. हवेच्या नळीत उंदरांनी कापसाचं घरटं केलं होतं, ते उपसलं. काजळी खरवडली. शेवटी दुखणं सापडलं धूर मोजणाऱ्या वायरीच्या एका पिनेत. दोन शिटांच्या मधलं झाकण उचललं की ती हाताशी यायची. थंडीतल्या ओलाव्यानं पार हिरवी पडली होती. घासून बसवली आणि दिवा गेला.

"एवढीशी हाय, अक्का, पण ही निघाली की मुंबई ऱ्हायली," त्यानं हरखून दाखवलं होतं. अक्का रात्रंदिवस गाडीतल्या पलंगावरच पडून असायच्या, रात्री आप्पाही तिथंच निजायचे. त्यांना ती पिन नीट दिसावी म्हणून त्यानं वायर ओढून वर धरली होती.

दुसऱ्या दिवशी पिन निघालेली. भारतला वाटलं, इंजिनाच्या हादऱ्यानं निघाली असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यानं पकडीनं पीळ देऊन ती लोखंडी तारेनं करकचून बांधली. त्याच्या हातची गाडी आजवर परत आली नव्हती. आणि ही तर अक्कांची गाडी. ह्या शेडाचा कोपरा त्याच्या गॅरेजला मिळाला तो अक्कांच्या शब्दावर. त्यांना मुंबईला पोचवणं आपल्या दोन हातांवर आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

त्यानं झाकण उचललं. पिन निघालेली होती. तार उलगडून बाजूला ठेवलेली. हे काही हादऱ्याचं काम नव्हतं.

त्यानं मान वळवली. अक्का त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांच्या नखांत काळं ग्रीस होतं.

"मीच काढते ती," अक्का हळूच म्हणाल्या. "काल बी लई झटले."

"कावून, अक्का? तिथं गेल्यावर बऱ्या होताल की तुमी!"

"न्हाई रे. ह्यांना बघवत न्हाई म्हणून हे नेत्यात, अन मला ह्यांचं तोंड बघवत न्हाई म्हणून मी जाते. तिथं मरायचं न्हाई मला. माझी माणसं, माझी भाषा, सगळं हितं हाय." त्यांना धाप लागली. "तूच सांग त्यांना. गाडी होत न्हाई म्हण."

 भारतच्या हातात पान्हा होता, पण लावायचा कुठं ते कळेना. पिन बसवायला एक क्षण लागला असता.

तो खाली उतरला. आप्पा शेडाच्या दाराशी होते.

"आप्पा, माझ्याच्यानं होत न्हाई." "म्या समदं करून बघितलं. दुसरा कुणी बी आणला तरी ही गाडी आता मुंबईला जायची न्हाई."

आप्पा रागावतील, दुसरा मिस्त्री बोलावतील, असं त्याला वाटलं होतं. आप्पांनी फक्त मान हलवली. मग पागोट्याचा शेव डोळ्यांना लावून ते तिथंच उंबऱ्यावर बसले. खांदे गदगदत होते. भारतला त्यांच्याकडं बघवेना. आपण एका माणसाची आशा मारली, हे एवढंच त्याला कळत होतं.

"चुकलं माझं, आप्पा."

"तू कशाला चुकतोस?" आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक की भारतला खाली वाकावं लागलं. "तिच्या बोटांत तेवढा जोर कुठला आलाय? रात्री झटून झटून थकली अन निजली. मग ती तार मीच सोडली."