शेताच्या मधोमध

“हा नकाशा काढताना तुम्ही झोपला होतात का?”

समोर बसलेल्या म्हाताऱ्या मोजणीदाराने शांतपणे शर्टाच्या खिशातून कानाचं यंत्र काढलं, कानात नीट बसवलं आणि म्हणाला, “हं, आता बोला मॅडम.”

मॅडमना प्रश्न पुन्हा विचारावा लागला, आणि दुसऱ्यांदा विचारताना रागातली निम्मी हवा निघून गेली. नियोजन कार्यालयात पाठीमागे सगळे त्यांना काटकोनबाई म्हणत. शेतजमिनीचे घरांसाठी प्लॉट पाडायचे तर प्रस्ताव त्यांच्याच टेबलावरून जायचा, आणि वाकडी रेघ दिसली की बाईंचं डोकं फिरायचं. इथे तर एकही रेघ धड नव्हती. एकट्या राहणाऱ्या एका आजींचं भलंमोठं शेत, तेही डांबरी रस्त्याला लागून. शहाणा माणूस रस्त्याकडेने प्लॉट पाडेल. इथे ते पार आत, शेताच्या मधोमध, आजींच्या घराभोवती दाटीवाटीने पाडलेले. बाकी सगळं रान मोकळं. बरं, त्या घोळक्याला काही आकार तरी? तोही नाही. एका अंगाला फुगलेला, झाडीच्या अंगाला चेपलेला.

“मी काय करणार?” मोजणीदार कुरकुरला. “आजी म्हणाल्या तिथे खुंट्या ठोकल्या. वर माझं हे यंत्र काढून घेतलं. काम संपेपर्यंत त्यांच्या खिडकीत पडलं होतं.”

पलीकडच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला. काटकोनबाईंना हसू आलं नाही. आजींचा हेका आणि त्यात यंत्राशिवायचा मोजणीदार, मग घोळ होणार नाही तर काय! प्लॉट रस्त्यालगत सरकवून प्रस्ताव नव्याने सादर करावा, असा शेरा त्यांच्या मनात तयारच होता. पण जागा पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हा त्यांचा नोकरीभराचा नेम होता. म्हणून त्या गेल्या.

रस्त्यापासून घरापर्यंतची वाट संपता संपेना. ढेकळं तुडवत, चपला झटकत बाई पोचल्या तेव्हा आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पदराने खुर्ची पुसली.

“आजी, माझं ऐका,” बाई म्हणाल्या. “प्लॉट रस्त्याकडेला घ्या. मी लगेच मंजूर करते. तुमच्या घराभोवती कोणी येणार नाही, तुमची शांतता तुम्हाला राहील.”

“शांतता पुष्कळ झाली, बाई.”

आजी उंबऱ्यावर टेकल्या. त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं.

“आमचे मालक इथेच कोसळले. भरदुपारी. फोन केला लेकीला, ती दुसऱ्या शहरात. ती तिथून कोणाकोणाला फोन लावत बसली आणि मी इथून हाका मारत बसले. रस्त्यावरून गाड्या जाताना दिसत होत्या हो. घसा बसला, पण कोणी ओ दिली नाही. त्यांना उचलायला माझ्या जोडीला एक माणूस हवा होता. एकच.”

काटकोनबाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“रस्त्याकडेला घरं झाली तरी माझी हाक तिथवर जायची नाही,” आजी पुढे म्हणाल्या. “म्हणून मी या दारात उभी राहिले आणि मोजणीदारांना चालायला लावलं. मी हाक मारायची, त्यांनी ओ द्यायची. ओ यायची थांबली, की दोन पावलं मागे येऊन तिथे खुंटी. चारी बाजूंनी तसंच केलं. आणि प्लॉट द्यायचा तो घर बांधून राहणाऱ्यालाच, हेही ठरवून टाकलंय.”

बाईंनी नकाशा मांडीवर उलगडला. वारा वाहत जातो त्या अंगाला फुगलेला, झाडीने आवाज अडतो त्या अंगाला चेपलेला. यात चूक कुठेच नव्हती. मनातल्या शेऱ्याची त्यांना फार लाज वाटली. नियमात आत जाणारा रुंद रस्ता लागतो, एवढीच काय ती अडचण होती, आणि रस्ता काढायला शेत पडलंच होतं. त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलने तो आखला. तो थोडा वाकडा गेला. त्यांनी जाऊ दिला.

तरी अंगातला अधिकारी गप्प बसेना. “एकदा हाक मारा बरं,” म्हणत त्या झाडीकडच्या शेवटच्या खुंटीपर्यंत गेल्या. हाक आली, अगदी खणखणीत. बाईंनी ओ दिली. आणखी पुढे गेल्या. तिथेही स्पष्ट आली. थेट झाडांपाशी गेल्या, तरी ऐकू आली. त्या तशाच लगबगीने परत आल्या.

“आजी, तुम्ही फसलात की!” त्यांना धाप लागली होती. “इथे घरांची आणखी एक रांग सहज बसेल. मोजणीदारांना ऐकूच कमी येतं, त्यात यंत्रही काढलेलं. दुसरा कोणी चांगल्या कानाचा बघायचात ना!”

“आले होते दोघंतिघं चांगल्या कानाचे,” आजी म्हणाल्या. “मीच नको म्हटलं. माझा आवाज आता दरवर्षी बारीकच होत जाणार ना, बाई.”