आजोबांचं नाव

"कुर्रर्र... योंगसू!" बारशाला मावशीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि केतकीच्या कोरियन सासूबाईंच्या हातून घुगऱ्यांची वाटीच पडली.

वारलेल्या सासऱ्यांचं नाव होतं ते. अर्थ दीर्घायुष्य. सासूबाई हरखून जातील म्हणून केतकीनं नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता. तो आता पांढराफटक पडला.

"अगं, आमच्याकडे वाडवडिलांचं नाव पोराला ठेवतच नाहीत! आईला वाटेल, तू बाबांचा अपमान केलास!"

केतकीनं त्याचा हात धरला. "आमच्यात तर आजोबाच परत आले म्हणतात रे! सांग ना त्यांना!"

त्यानं चाचरत आईला सांगितलं. सासूबाई पाळण्यावर वाकल्या. जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडानं न घेतलेली ती बाई पुटपुटली,

"योंगसू, किती उशीर केलात!"